रवलां काय गो?

दादा, काल तुझ्या बाटल्या धुतल्या. साबण लावला नाही आणि राख तर नाहीच नाही. नारळाच्या सोडणाने, म्हणजे वरच्या काथ्याने, आतून बाहेरून घासल्या, पन्हळीखालच्या घागरीतल्या पावसाच्या पाण्याने विसळल्या आणि पडवीत उपड्या घातल्या. मग लक्षात आलं, की पाठीमागे उभं राहून "बाटलेच्या खांद्यात बघ गो, थंय मळ रवता" असं म्हणायला आता कोणी नाही. तशीच पायरीवर बसले. बराच वेळ बसले असेन, कारण वहिनी न मागता चहा घेऊन आली.

परवा तुझं बारावं झालं. लोक आले, जेवले, तुझ्याबद्दल बरं बोलले. इतकं बरं बोलले, की मला वाटलं आपण चुकून दुसऱ्याच कुणाच्या बाराव्याला बसलोय. एकजण तर म्हणाला, फार शांत स्वभावाचा माणूस. तू? रागाच्या भरात माझी परीक्षानळी शेणकुटात खुपसून जाणारा तू? वहिनीने माझ्याकडे बघितलं आणि पदर तोंडाला लावला. सगळ्यांना वाटलं ती रडते. मी तिच्या शेजारी होते म्हणून मला ठाऊक, तिला हसू आवरत नव्हतं. नंतर मात्र खरंच रडली.

तुला सांगायला बसले आहे ती गोष्ट वेगळीच आहे. आरोंद्याहून वहिनीचा भाऊ आला होता आणि बाराव्यानंतरही थांबला होता. माणूस चांगला. त्याचं म्हणणं सरळ होतं: "आक्का, लेक सासरी गेली, भावोजी गेले. वन्सं मालवणात शाळेत. तू हंय एकटी रवान काय करतलंस? चल माझ्यावांगडा." वहिनी भाकरी थापत होती. ती थापणं न थांबवता म्हणाली, "वन्संक वरच्या कोपऱ्याची माती बघूंदे. रवलां आसात तर मी रवतंय. नसात तर येतंय तुझ्यावांगडा."

मातीत काही राहिलं असेल तर आक्का राहणार, हे ऐकून भाऊ माझ्याकडे बघत राहिला. त्या बिचाऱ्याला वाटलं, दुःखाने आक्काचं डोकं फिरलं. त्याला काय ठाऊक, की हाच सौदा ह्याच चुलीपाशी एकदा होऊन गेलाय आणि तेव्हा ही अट घालणारा तू होतास.

त्याला सगळं समजावून सांगता सांगता मलाच सगळं आठवलं. महाराष्ट्र अजून व्हायचा होता तेव्हाची गोष्ट. तू मुंबईच्या साबण कारखान्यात कढईवर होतास. दिवाळीला आणि शिमग्याला यायचास, बाकीचे महिने वहिनीच्या वाट्याला तुझ्या पत्रातली खुशाली. त्या वर्षी मात्र चैत्रातच बोटीने आलास. मालवणच्या धक्क्यावर मी तुला न्यायला आले होते. लोक पडावातून उतरताना बिस्किटांचे डबे सांभाळत होते, छत्र्या सांभाळत होते. तू मांडीवर एक पत्र्याचा मोठा डबा घेऊन बसला होतास, जसं काही त्यात सोनंच होतं.

घरी वहिनीने डबा उघडला, बोट बुडवलं आणि म्हणाली, "ह्यां कसला तेल?" तू ओरडलास. तेल नव्हे, काचपाणी. साबणात भर म्हणून घालतात ते. वाळू आणि सोडा भट्टीत एकत्र वितळवून, मग पाण्यात विरघळवून केलेलं, दिसायला पाकासारखं. त्या धांदलीत दोन थेंब सारवलेल्या जमिनीवर पडले. सकाळी बघतो तर त्यांची काच झालेली. वहिनी नखाने खरवडत बसली. "शिरां पडो त्या डब्यार," हा तिचा पहिला अभिप्राय.

तुझी कल्पना तू तीन वेळा सांगितलीस आणि तिन्ही वेळा वेगळी सांगितलीस. तरी मुद्दा एक होता. कारखान्याच्या मागच्या भिंतीला एक पिंप गळायचं. पिंपाखालचं गवत जळून गेलं होतं, पण वळचणीचं पाणी पडून जिथे ते पातळ व्हायचं तिथलं गवत असं ताठ उभं, की हात लावला तर कापेल. तुझ्या डोक्यात आपलं भात आलं. दर वर्षी हस्ताचा पाऊस लागला की भरलेलं भात आडवं. लोंब्या चिखलात, दाण्यांना शेतातच मोड आलेले. "तेच्या काडयेत काच कमी पडता गो," तू म्हणालास.

मी विज्ञानाची मास्तरीण. भाताच्या काडीत सिलिका असते हे मला पुस्तकातून ठाऊक होतं, म्हणून तुला एकदम खुळ्यात काढता येईना. पण माझा हेका वेगळा होता. आपली जमीन म्हणजे कातळावर पसरलेली तांबडी माती, ती पण उतरणीला. शेण घाला, पाला जाळा, सुक्या मासळीचा चुरा घाला, आषाढात सगळं खाडीत. गावात म्हणतातच, ह्या मातयेक दिलेला रवणा नाय. मग तुझं काचपाणी काय रवणार?

"तांच बघूचा आसा," तू म्हणालास. आणि मग वहिनीकडे न बघता म्हणालास, की बिनपगारी रजा काढून आलोय. पावसाळ्यात बंद होणारी बोट नवरात्राच्या सुमाराला सुरू झाली, की पहिल्या बोटीने हजर व्हायला सांगितलंय. "मातयेन धरलां तर मी रवतंय. नाय धरलां तर जातंय."

वहिनी फुंकणीने चूल फुंकत होती. तिने मान वर केली नाही. पण त्यानंतर दर शनिवारी मी शाळा सुटून घरी आले, की पानात कढी वाढताना ती एकच विचारायची, "माती काय म्हणता?" तुला वाटायचं ती चेष्टा करते. दादा, ती चेष्टा करत नव्हती रे.

तुझ्या काचपाण्यावर तपासणी करायची तर शाळेतलं एक रसायन लागणार होतं. हेडमास्तर म्हणाले, "बाई, हे तुम्हाला कशासाठी हवं आहे?" मी म्हटलं, "मातीच्या परीक्षणासाठी, सर." ते म्हणाले, "अभ्यासक्रमात आहे का?" मी म्हटलं, "माती आहे, सर." त्यांनी चष्मा काढून पुसला आणि कपाटाची किल्ली दिली.

रीत सोपी होती, पण तुला पटवायला दोन रविवार गेले. बाटलीत मोजून माती घ्यायची. पातळ केलेलं काचपाणी मोजून ओतायचं. दिवसभर अधूनमधून हलवायचं, मग गाळून घ्यायचं. गाळलेल्या पाण्यात रसायनाचे थेंब टाकले, की काचपाणी जेवढं उरलं असेल तेवढा निळा रंग चढतो. गडद निळा म्हणजे सगळं पाण्यातच राहिलं, मातीने काही घेतलं नाही. फिका म्हणजे मातीने ओढून घेतलं. तू म्हणालास, "मगे मातयेतच बघ ना सरळ. पाण्यात काय बघतंस?" मी सांगितलं, मातीत मुळातच एवढी सिलिका असते, की त्यात आपली कुठली हे ओळखणार कसं? म्हणून पाण्यात काय उणं झालं ते मोजायचं. तू म्हणालास, "म्हणजे गेलेल्याचो हिशोब." हे वाक्य मी आजवर वर्गात वापरत आले आहे, तुझं नाव न सांगता.

आणि मग तो शब्दाचा वाद. पुस्तकात दोन शब्द. आत मुरतं ते शोषण, कणाच्या अंगाला नुसतं धरून राहतं ते अधिशोषण. मी तुला घोकून घ्यायला लावत होते. तू म्हणालास, आपल्याकडे ह्याला शब्द आहे, रवणां. मी म्हटलं, हा कसला शब्द? "वायच रव" म्हणजे थांब. "पेज रवली" म्हणजे उरली. "तो मुंबईक रवता" म्हणजे तिथे राहतो. एका शब्दाचे तीन अर्थ घेऊन शास्त्र चालत नाही. तू शांतपणे तंबाखू मळत म्हणालास, "थांबता, उरता, ऱ्हवता. मातयेत ह्याच होता मां? मगे तीन शब्द कित्याक व्हये?"

मी चिडून पुस्तक मिटलं.

पहिल्या खेपेला आपण पाच बाटल्या लावल्या. एकीत नुसतं काचपाणी, तिघींत वेगवेगळ्या वाफ्यांची माती घालून काचपाणी, आणि पाचवीत नुसतं पावसाचं पाणी, कोरं. कोऱ्या बाटलीला तू हसलास. "पाण्याक पाणी म्हणूक औषध कित्याक?" थेंब टाकले आणि कोरी बाटलीच निळी झाली. पाचही निळ्या. एक जास्त, एक कमी, पण सगळ्या निळ्या.

तिथून आपली जी जुंपली ती कितीतरी शनिवार. तू म्हणायचास, तुझ्या शाळेतलं औषध नासलेलं आहे. मी म्हणायचे, औषध नासत नाही, माणसाचं डोकं नासतं. पुन्हा लावलं, पुन्हा निळं. पाणी विहिरीचं बघितलं, पावसाचं बघितलं, गाळायचा कागद बदलला. तुझी ती नळी शेणकुटात गेली ती ह्याच दिवसांत. श्रावण सरला, गणपती आले आणि गेले. एक दिवस मी आले तर वहिनीने माळ्यावरची तुझी ट्रंक काढून खळ्यात उन्हाला ठेवलेली. मी विचारलं तर म्हणाली, "वाळवी लागात म्हणान." ट्रंक पत्र्याची होती.

पुढच्या शनिवारी शाळा लवकर सुटली म्हणून मी खाडीकडच्या पायवाटेने मागच्या बाजूने आले आणि तुला विहिरीवर बघितलं. तू उकिडवा बसून माझ्या बाटल्या घासत होतास. मन लावून, जीभ बाहेर काढून. बोटं काळीभोर.

"साबण नाही का घरात?" मी विचारलं.

तू माझ्याकडे असं बघितलंस, जसं मास्तर ढ पोराकडे बघतो. "साबणात काय आसता तां तुका म्हायत नाय, माका म्हायत आसा. काचपाणी. इतकी वर्सां मीच घालत होतंय. ह्या बाटल्येंका साबण लावलो तर तुझो हिशोब चुकात. तुका वाटला मी खुळो?"

"मग काय लावलंस?"

"राख."

"कसली राख?"

"तुसाची. भातगिरणीवरची. भांडी कशी लखलखतत बघ."

दादा, मी तिथेच चिखलात बसले. हसत होते की रडत होते मला ठाऊक नाही, तुला वाटलं मला भोवळ आली. भाताच्या तुसात जेवढी सिलिका, तेवढी उभ्या रोपात दुसरीकडे कुठे नाही. ते जाळलं की मागे उरते ती जवळजवळ तीच. तू साबणातली काच टाळलीस आणि बाटलीच्या खांद्यात बोट घालघालून तुसातली काच चोळलीस. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते इतकं शब्दशः मी पहिल्यांदाच बघितलं. ही चूक दुसऱ्या कोणाच्या हातून झालीच नसती. कारखान्यात न गेलेल्या माणसाने खुशाल साबण लावला असता, आणि मुंबईत जन्मलेल्याला तुसाची राख कुठली मिळायला?

तुला समजावून सांगितलं तेव्हा तू आधी बाटलीकडे बघितलंस, मग चुलीकडे, मग पडवीतल्या डब्याकडे. वहिनी दारात येऊन उभी होती. ती म्हणाली, "मगे रेतीन घासा."

"रेती म्हणजे तर सगळी तीच," मी म्हटलं.

"मगे ह्या गावात तां नाय असा आसा तरी काय?" ती वैतागून म्हणाली. आपण दोघं हसलो ते पोट दुखेपर्यंत. शेवटी सोडण ठरलं.

तेवढ्यात मला अवदसा आठवली आणि मी म्हटलं, "काखेत कळसा नि गावाला वळसा. अरे, राख पाण्यात एवढी सुटते तर तुझा डबा हवाय कशाला? शेतात राखच घालू." झालं. तू उठलास आणि जेवेपर्यंत बोलला नाहीस. एवढा डबा मांडीवर घेऊन समुद्रातून आणलेला माणूस, त्याला मी चुलीतली राख दाखवत होते. तुझ्या जागी मी असते तर मीही बोलले नसते.

बोट यायच्या आधीचा शेवटचा रविवार. बाटल्या सोडणाने धुतलेल्या. आदल्या दिवसापासून हलवलेल्या. पडवीत सकाळचं ऊन आलेलं. तू खांबाला टेकून पाठ करून बसलेला, वहिनी उंबऱ्यात. मी कोऱ्या नळीत थेंब टाकले. पाणी पाण्यासारखं राहिलं. नुसत्या काचपाण्यात टाकले, दौतीतल्या शाईसारखा रंग. मग आपल्या भरडीच्या, उतरणीवरच्या शेताच्या, मातीचं गाळलेलं पाणी. आधी काहीच नाही, मग हळूहळू इतका फिका निळा, की नीळ दिलेल्या धोतराचं शेवटचं पिळलेलं पाणी असतं ना, तेवढा.

तू वळला नाहीस. तसाच बसून विचारलंस, "रवलां काय गो?"

"रवलां," मी म्हटलं.

तू एकदाच मान हलवलीस. वहिनी आत गेली. संध्याकाळी बघते तर त्या ट्रंकेत तिने वर्षाची सोलां भरलेली. मी ओरडले, अगं, कोकमाचं आंबट पत्र्याला खातं, ट्रंक सडेल. ती म्हणाली, "खावंदे."

बोट आली आणि गेली. तुझी जागा राखून ठेवणारा कारखाना दुसऱ्या कुणाला घेऊन मोकळा झाला असेल. पुढचं सगळं गोड झालं असं मी म्हणणार नाही. पहिल्या वर्षी तू वरच्या कोपऱ्यात काचपाणी घट्ट ओतलंस आणि भुईवरची रोपं करपवलीस. मग पातळ करून दिलंस. मधली पट्टी मी राखेची केली आणि खालची पट्टी कोरी ठेवली. हस्ताचा पाऊस आला तेव्हा आपण तिघं बांधावर छत्र्या घेऊन उभे. कोरं भात झोपलं. तुझं उभं राहिलं. माझंही उभं राहिलं. तू माझ्या पट्टीकडे बघून म्हणालास, "ह्यां तुझ्या भांडी घासूच्या राखेचां," आणि पुढे चालू लागलास. इतक्या वर्षांत त्याहून जास्त कौतुक तू राखेचं केलं नाहीस.

पण हळूहळू तूस काळं ठेवायला तूच शिकलास. ढिगाला उघडी आग लावली की राख पांढरी पडते, ती पाण्यात कमी सुटते. धुमसत ठेवली, वेळेवर पाणी मारलं, की काळी राहते आणि तीच बरी. हे आपण बाटल्यांतच बघितलं. "काळी ती कामाची," असं तू वाडीत सांगत फिरायचास आणि वर म्हणायचास, "बाय सांगता. माझा म्हणणा वेगळा आसा." गिरणीवाला आधी तूस न्या म्हणून मागे लागायचा, आता सांगून ठेवावं लागतं. कातळ काही सोन्याचा झाला नाही. पण आपल्या उतरणीवरच्या चार घरांचं भात आता सहसा झोपत नाही. ह्या तेरड्याच्या फुलाएवढ्या गोष्टीसाठी तू मुंबई सोडलीस, आणि मला ती मोठी वाटते.

तो प्रश्न मात्र तुझ्या तोंडात बसला तो बसला. मी शाळेतून आले की "आज पोरांच्या डोक्यात रवलां काय गो?" सगळं वाहून गेलं, मी म्हणायचे. "वायच वायच दी. एकदम ओतलंस की करपतत." जळल्या रोपांनी शिकवलेलं तू माझ्यावर वापरायचास, आणि मी चिडायचे, आणि सोमवारी वर्गात तसंच करायचे. दादा, मी बरी शिक्षिका झाले असेन तर ती त्यामुळे. हे तुला तोंडावर सांगायला पाहिजे होतं. पण तुला काही चांगलं म्हटलं, की तू लगेच "आणि राख?" असं विचारायचास. मग राहून जायचं.

आणि आपला मोठा वाद राहिलाच. वरच्या कोपऱ्यात तू त्या पहिल्या वर्षानंतर पुन्हा काही घातलं नाहीस. "एकदा दिलां तां रवलां," तुझं म्हणणं. मी म्हणायचे, बाटली म्हणजे पाऊस नव्हे. चार महिने धो धो कोसळतो, वर्षानुवर्षं. कणाच्या अंगाला नुसतं धरून राहिलेलं केव्हाच सुटून खाडीत गेलं असणार. बघू या का, मी विचारलं की तू म्हणायचास, "अजून वायच रवांदे." तुला वाटायचं, जितकी वर्षं जास्त, तितकी तुझी जीत मोठी. यंदा पहिल्यांदा तू आपणहून म्हणालास, "हो पाऊस सरलो काय वरचो कोपरो बघया." पाऊस सरत आला होता. खळ्यात बसल्या बसल्या तू गेलास. पाऊस सरायची वाट बघायला तुला वेळ मिळाला नाही.

आता एक सांगते. त्या शेवटच्या रविवारी, तू खांबाला टेकून बसला होतास तेव्हा, आपल्या मातीची नळी गडद निळी झाली असती तर मी काय करणार होते, हे तुला मी कधी सांगितलं नाही. मी खोटं बोलणार होते. नळी पाठीमागे धरून "रवलां" म्हणणार होते. कोरी बाटली, मोजून माती, पुन्हा पुन्हा तपास, असं तुला पावसाळाभर ऐकवणारी मी. शनिवारी रात्रीच ठरवून बसले होते. उंबऱ्यातली वहिनी मला दिसत होती आणि ती ट्रंक दिसत होती. मातीने माझी लाज राखली. तेव्हापासून आपल्या मातीशी मी जरा जास्तच अदबीने वागते.

आज पुन्हा तीच वेळ आली. वरच्या कोपऱ्याची माती घेतली, खालच्या, अजून कोऱ्याच ठेवलेल्या पट्टीची घेतली. ह्या खेपेला काम उलटं होतं. मातीला काही द्यायचं नव्हतं. व्हिनेगरमधल्या सौम्य आम्लाने चुचकारून ती धरलेलं थोडं सोडतेय का ते बघायचं होतं. तेव्हा निळं नको होतं, आता निळं हवं होतं. वहिनीचा भाऊ सकाळपासून खांबाला टेकून बसलेला, तुझ्याच खांबाला. त्याची पिशवी भरलेली होती. वहिनीची भरलेली की नाही ते मला कळेना, आणि विचारायचा धीर होईना. खरं सांगते दादा, खोटं बोलायची तयारी मी ह्याही खेपेला ठेवली होती.

कोरी नळी पाण्यासारखी राहिली. तुझ्या बाटल्या स्वच्छ होत्या. कोऱ्या पट्टीच्या नळीत जेमतेम रंग. मग तुझ्या कोपऱ्याची. मी थेंब टाकले. रंग हळूहळू आला. शाईएवढा नाही, नीळ दिलेल्या पहिल्या पाण्याएवढाही नाही, पण दोन्ही नळ्या उन्हात शेजारी शेजारी धरल्या तेव्हा भाऊसुद्धा पुढे वाकून म्हणाला, "ही निळी आसा गे."

शास्त्र म्हणून माझ्या शंका अजून आहेत. तू त्या कोपऱ्यातला पेंढा तिथेच कुजवायचास, त्याचंही काही असेल. त्यावर तू काय म्हणाला असतास मला ठाऊक आहे: पेंढ्यात तरी खंयसून इला गो, मातयेतसूनच मां? म्हणून आज मी भांडत नाही. पाऊस तुझ्या कोपऱ्यातलं सगळं नेऊ शकला नाही, एवढं कबूल. ती नळी घेऊन मी वहिनीला सांगायला मागच्या खळ्यात धावले, ह्या वयात, चप्पल न घालता.

ती तिथे नळीची वाट बघत नव्हती. पदर खोचून तुसाच्या ढिगापाशी उभी होती. ढीग पहाटेच पेटवलेला असणार, कारण अर्ध्याच्या वर काळा झालेला आणि मधून धूर येत होता. एका हातात काठी, दुसऱ्या हातात पाण्याची कळशी.

"वहिनी," मी म्हटलं.

"वायच रव, वन्सं. आधी ह्याका पाणी मारूंदे. पांढरी पडली तर सगळा फुकट." तिने ढीग उकरून पाणी शिंपडलं, चर्र झालं, धूर आमच्या दोघींच्या डोळ्यांत गेला. मी नळी हातात धरून उभी. मग काठी खाली ठेवून, डोळे पुसत, माझ्याकडे वळून तिने विचारलं, तुझ्याच सुरात, शेवटचा शब्द जरा ओढून, "रवलां काय गो?"

"रवलां," मी म्हटलं.

"बरां झालां." तिने कळशी उचलली. "चल, भावाक पेज वाढूया. तेका दुपारची गाडी मेळाक व्हयी."